मिरवणूक, वधमंच आणि तांब्याचा पत्रा : जुनी युरोपीय छापचित्रं कशी वाचावीत

पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या विजययात्रेची लांबी सुमारे ५४ मीटर आहे. तिच्यात वाजंत्री आहेत, घोडेस्वार आहेत, रथ आहेत, निशाणं आहेत. हत्तीसह चाललेले ‘कालिकतचे लोक’सुद्धा आहेत. ही यात्रा कुठल्याही शहराच्या रस्त्यावरून कधी गेली नाही. हान्स बुर्कमायर, आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर आणि इतर चित्रकारांनी ती लाकडी ठोकळ्यांवर उतरवली. सम्राट १५१९ मध्ये वारला आणि त्यानंतर सात वर्षांनी, १५२६ मध्ये, तिचे छाप बाहेर पडले. जर्मन चित्रकार ड्यूरर आणि त्याच्या साथीदारांनी याच सम्राटासाठी केलेली विजयकमानही कधी बांधली गेली नाही. तीसुद्धा १९० हून अधिक ठोकळ्यांचे छाप जोडून उभी राहणारी, साडेतीन मीटर उंच, कागदाचीच.

सोळाव्या-सतराव्या शतकातली राज्यारोहणं, नगरप्रवेश, शिरच्छेद आणि अंत्ययात्रा यांची चित्रं बघताना हे उदाहरण मी कायम समोर ठेवतो. अशा चित्राकडे आपण नकळत फोटोसारखं बघतो आणि तिथंच फसतो. छापचित्र म्हणजे त्या सोहळ्याचा दुसरा प्रयोग असतो. त्याचा कर्ता वेगळा, खर्च करणारा वेगळा, प्रेक्षक वेगळा, आणि कधीकधी अर्थ पहिल्या प्रयोगाच्या थेट उलटा. हा दुसरा प्रयोग कसा ओळखायचा, त्याची पद्धत इथं क्रमानं मांडतो. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ यांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं फुकट आणि चांगली मोठी करून बघता येतात. एक वही आणि एक पट्टी जवळ ठेवा.

पहिली पायरी : कागद कापा

चित्राच्या नोंदीत लांबी-रुंदी दिलेली असते. तेवढ्या मापाचा कागद कापून टेबलावर ठेवा. हा प्रकार पोरकट वाटेल, पण मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही. पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची होतात. सतराव्या शतकातला छापचित्रकार जाक कालो याचं फाशीचं प्रसिद्ध चित्र प्रत्यक्षात जेमतेम ८ सेंटिमीटर उंच आणि १८-१९ सेंटिमीटर रुंद आहे. ते हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, एकट्यानं बघायचं चित्र आहे. ड्यूररची कमान भिंतीवर लावून चार जणांनी मिळून बघायची. चित्र कुठं आणि कुणी बघायचं होतं, हे माप सांगतं.

दुसरी पायरी : रेष कशानं ओढली आहे ते बघा

यात फार खोल शिरायची गरज नाही. लाकडी ठशात रेषेच्या आजूबाजूचं लाकूड कोरून काढतात आणि उंच राहिलेल्या रेषेला शाई लागते. त्यामुळे तो ठसा छापखान्यातल्या खिळ्यांच्या (टाइपच्या) अक्षरांसोबत एकाच दाबात छापता येतो. स्वस्त बातमीपत्रांना हे सोयीचं. तांब्याच्या पत्र्यावर उलट असतं. रेष खोल जाते, शाई खाचेत बसते, आणि छापायला वेगळं, रुळांचं यंत्र लागतं. कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसला तर पत्रा वापरला आहे हे नक्की. ब्युरिन नावाच्या हत्यारानं थेट कोरलेली रेष ताठ असते आणि टोकाला निमुळती होते. एचिंगमध्ये पत्र्यावर लेप देऊन त्यात सुईनं रेखाटतात आणि आम्लानं ती रेष खाल्ली जाते, म्हणून ती लेखणीसारखी मोकळी धावते.

कालोनं या एचिंगमध्ये मोठी सुधारणा केली. तंतुवाद्यं बनवणारे वापरत तसला कडक लेप त्यानं घेतला आणि पत्रा आम्लात टप्प्याटप्प्यानं बुडवला. त्यामुळे पुढची माणसं गडद आणि दूरची फिकट होत गेली, आणि तळहाताएवढ्या जागेत शेकडो माणसं मावू लागली. गर्दी आणि फौज यांचं चित्र काढायला असंच तंत्र हवं होतं.

तिसरी पायरी : तळाची ओळ वाचा

चित्राच्या खालच्या कडेला बारीक लॅटिन शब्द असतात. मोजकेच आहेत, पाठ करून टाका. ‘इन्वेनिट’ म्हणजे कल्पना कुणाची, ‘डेलिनेआविट’ म्हणजे रेखाटन कुणाचं, ‘पिंक्सिट’ म्हणजे मूळ रंगचित्र कुणाचं. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे कोरलं कुणी, ‘फेसिट’ म्हणजे केलं कुणी, आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशित कुणी केलं. या शेवटच्या शब्दापुढचं नाव सर्वांत महत्त्वाचं, कारण पत्रा त्याच्या मालकीचा आणि धंदा त्याचा. ‘कुम प्रिव्हिलेजिओ’ असं लिहिलेलं दिसलं तर छापण्याचा हक्क सत्तेकडून मिळवलेला आहे. सोहळ्याच्या चित्रावर हे दोन शब्द असले, की सत्तेनं हे चित्र चालवून घेतलं एवढं तरी समजावं.

कुणाचंच नाव नसलं तर तेही वहीत लिहा. कधी ती निष्काळजी असते, कधी भीती.

चौथी पायरी : दोन तारखा शोधा, आणि पैसे कुणी दिले ते विचारा

प्रसंगाची तारीख आणि छापण्याची तारीख शेजारीशेजारी लिहा. दोन्हींमध्ये किती अंतर आहे यावर चित्राचा हेतू बराचसा उलगडतो.

चौदाव्या लुईनं जून १६६२ मध्ये पॅरिसला तुइलरी राजवाड्यासमोर घोडेस्वारीच्या खेळांचा मोठा सोहळा केला. त्या जागेला आजही ‘कारुसेल’चा चौक म्हणतात. रोमन, पर्शियन, तुर्क, भारतीय आणि अमेरिकन अशी पाच पथकं होती. राजा रोमन सम्राट होता. तुर्कांचा म्होरक्या होता कोंदेचा राजपुत्र, ज्यानं काही वर्षांपूर्वी राजाविरुद्ध बंड केलं होतं आणि १६५९ पर्यंत स्पेनच्या बाजूनं लढत होता. आता तो रंगीबेरंगी पोशाखात राजाच्या मागून, नेमून दिलेल्या जागी घोडा चालवत होता. या सोहळ्याचं भव्य पुस्तक निघालं १६७० मध्ये. मजकूर शार्ल पेरोचा, चित्रं इझराएल सिल्व्हेस्त्र आणि फ्रांस्वा शोव्हो यांची. आठ वर्षांनी निघालेलं पुस्तक बातमी देण्यासाठी नसतं. खर्च राजाचा होता, आणि राजाच्या खर्चानं छापलेले असे ग्रंथ परदेशी दरबारांना भेट म्हणून दिले जात.

पैसे शहरानं दिले असतील तर मात्र चित्राचा सूरच बदलतो. याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण ॲन्टवर्पचं आहे. स्पेनच्या राजाचा भाऊ फर्डिनांड दक्षिण नेदरलँड्सचा कारभारी म्हणून १७ एप्रिल १६३५ रोजी शहरात आला. रस्त्यांवर चित्रकार रुबेन्सनं कल्पिलेल्या कमानी आणि मंच उभे होते. लाकडाचे आणि रंगवलेल्या कापडाचे, काही दिवसांनी मोडायचेच. या प्रथेमागं एक जुना करार होता. नवा शासक शहरात येताना शहराचे हक्क जपण्याची शपथ घेई आणि शहर त्याचं थाटात स्वागत करी. म्हणजे स्वागतात मागणी बसवायला जागा होती.

त्या मागणीसाठी बुधदेवतेचा, म्हणजे व्यापाराच्या देवाचा, एक मंच उभारला होता. तो चित्रात नीट बघा. देव चौथऱ्यावरून उडून निघालाय. शेल्ड नदीचा वृद्ध देव झोपलाय आणि त्याचे पाय साखळदंडात आहेत. खलाशी रिकामा बसलाय. शहर बाईच्या रूपात देवाला थांब म्हणून विनवतंय. ॲन्टवर्प १५८५ मध्ये स्पेनच्या हाती पडल्यापासून डच बंडखोरांनी नदीचं तोंड अडवून धरलं होतं आणि बंदर मरत होतं. नव्या राज्यकर्त्याच्या वाटेवर, त्याच्याच स्वागतात, शहरानं आपलं दिवाळं मांडून ठेवलं. शेजारच्याच टांकसाळीच्या कमानीवर दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या चांदीचा डोंगर उभा होता. राजाच्या खाणीतली चांदी आणि शहराचं बंद पडलेलं बंदर, दोन्ही एकाच फेरीत बघायला लागली.

थिओडोर व्हान थुल्डेननं या सगळ्याची एचिंग केली आणि शहराचा चिटणीस गेव्हार्टियस यानं लॅटिन भाष्य लिहिलं. मुखपृष्ठावर १६४१ छापलं आहे, पण पुस्तक प्रत्यक्ष हाती येईपर्यंत फर्डिनांड वारला होता. कापड केव्हाच उतरवलं होतं. तक्रार मात्र तांब्यावर राहिली.

पाचवी पायरी : आरसा धरा

पत्र्यावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. काळजी घेणारा कारागीर आधीच उलटं काढतो, घाई असलेला काढत नाही. म्हणून तलवारी बघा. उजव्या हातानं उपसायची तलवार डाव्या कमरेला असते. सगळेच डावखुरे दिसले, तर चित्र उलटलेलं आहे किंवा ते दुसऱ्या चित्रावरून नकलेलं आहे. अक्षरांवर विसंबू नका. ती दुरुस्त करायची आठवण कारागिराला बहुधा राहते, हातांची राहत नाही. उलटलेलं चित्र असेल तर कोण कुणाच्या उजवीकडे बसलाय हेही फिरवून वाचावं लागतं, आणि दरबारात उजवी बाजू मानाची.

सहावी पायरी : तुम्ही कुठं उभे आहात?

चित्रकारानं तुम्हाला एक जागा दिलेली असते. गच्चीवर, खिडकीत, गर्दीत, की आकाशात. ती ओळखल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नेदरलँड्समधलं बंड मोडायला स्पेननं पाठवलेल्या अल्बाच्या ड्यूकनं ५ जून १५६८ रोजी ब्रसेल्सच्या मोठ्या चौकात एग्मोंट आणि होर्न या दोन सरदारांचा शिरच्छेद करवला. फ्रान्स होगेनबर्ख यानं त्याचं चित्र प्रसिद्ध केलं. होगेनबर्खला नेदरलँड्स सोडावं लागलं होतं आणि तो कोलोनमधून अशी बातमीचित्रं काढून विकत असे. त्याच्या चित्रात आपण वरून, तिरकं बघतो. काळ्या कापडानं मढवलेला मंच आणि त्याभोवती भाल्यांच्या रांगाच रांगा. चौकात मरणाऱ्यांपेक्षा पहारा कितीतरी मोठा दिसतो. ब्रसेल्समध्ये उभ्या असलेल्या माणसाला हे असं दिसणं शक्य नव्हतं, त्याला पुढच्या शिपायाची पाठ दिसली असती. वरची जागा कोलोनमध्ये बसलेल्या ग्राहकाला मिळते, आणि तिथून अल्बाची भीती मोजता येते.

अशा चित्रांत एकच माणूस दोन-तीनदा दिसू शकतो. इथं आणला जातोय, तिथं गुडघे टेकतोय, पलीकडे धड पडलंय. त्या काळच्या वाचकाला यात काही चुकीचं वाटत नसे. चित्रात अ, ब, क अशी अक्षरं असतील तर खालच्या यादीशी जुळवून क्रम लावा.

सातवी पायरी : गर्दी मोजा

यावर वेळ घालवा. राजाकडे शेवटी बघा. आधी कडेची माणसं, कुत्री, छपरावर चढलेली पोरं, पाठ करून उभे असलेले. कोण बघतंय, कोण बघत नाही आणि कुणाला बघायला लावलंय, अशा तीन याद्या करा.

कालोच्या १६३३ च्या ‘युद्धाच्या आपत्ती’ या १८ चित्रांच्या मालिकेतलं अकरावं चित्र घ्या. मधोमध एक मोठं झाड आहे आणि त्याला वीसहून अधिक माणसं लटकलेली आहेत. शिडीवर चढलेला धर्मगुरू पुढच्या माणसासमोर क्रूस धरतोय. खाली दुसरा एक जण आपली पाळी येण्याआधी शेवटची प्रार्थना करतोय. भालाईतांच्या पलटणी शिस्तीत उभ्या आहेत. आणि झाडाखाली ढोलावर फासे टाकत बसलेली माणसं आहेत. ख्रिस्ताच्या वधाच्या वेळी शिपायांनी त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या ही गोष्ट तेव्हाच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होती. खालच्या पद्यात लटकलेल्यांना नीच चोर, झाडाला लागलेली अभागी फळं असं म्हटलंय. अक्षरं चोर म्हणतात, फासे ख्रिस्ताची आठवण करून देतात. दोन्ही एकाच कागदावर आहेत, म्हणून दोन्ही वहीत लिहा आणि लगेच निकाल देऊ नका.

हे मुद्दाम सांगतो, कारण या मालिकेला थेट युद्धविरोधी म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. याच कालोनं ला रोशेलच्या वेढ्याची चित्रं तेराव्या लुईसाठी केली होती. त्याच लुईनं सप्टेंबर १६३३ मध्ये कालोचं गाव नान्सी घेतलं. मालिकेच्या मध्यात हात मागं बांधून टांगणं, फाशी, गोळ्या, जाळणं आणि चाकावर हाडं मोडणं अशा पाच शिक्षा ओळीनं येतात, आणि शेवटच्या चित्रात राजा चांगल्या सैनिकांना बक्षिसं देतो. शिस्तीचा हा आराखडा आणि झाडाखालचे फासे, या दोन्हींना धरून चालणारं वाचनच मला पटतं.

गर्दीत वस्तूही मोजा. मराठी वाचकाला इथं एक सोय आहे, छत्र आणि चवरी यांचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागत नाही. गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ ते १५८८ राहिलेल्या यान हौखेन व्हान लिन्सखोटेनचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये निघाला. त्यात गोव्याच्या रस्त्यांवरून जाणारे पोर्तुगीज आहेत, पालखीत किंवा नोकरानं धरलेल्या छत्रीखाली. ही चित्रं कोरणाऱ्या दोएतेकुम घराण्यानंच पूर्वी सम्राट पाचव्या चार्ल्सची ब्रसेल्समधली अंत्ययात्रा कोरली होती. १५५८ च्या डिसेंबरात निघालेली ती यात्रा १५५९ मध्ये लांबलचक चित्रपट्टी होऊन बाहेर आली. सम्राटाच्या प्रेतयात्रेतला मान आणि गोव्याच्या बाजारातला मान एकाच घरच्या हातांनी कोरला गेला.

आठवी पायरी : जोडीचं चित्र शोधा

एका चित्रावर थांबू नका. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनला बँक्वेटिंग हाउससमोर झाला. डच आणि जर्मन चित्रांत मंच आहे, मारेकऱ्यानं उंच धरलेलं मुंडकं आहे, आणि मूर्च्छा येऊन पडलेली बाई आहे. इंग्लंडमध्ये राजाच्या बाजूनं सर्वाधिक पसरलेलं चित्र मात्र विल्यम मार्शलनं कोरलं, राजाच्या नावे निघालेल्या प्रार्थना-आठवणींच्या पुस्तकासाठी. त्यात मंच नाही, कुऱ्हाड नाही, एकही बघ्या नाही. राजा एकटाच गुडघे टेकून आहे. राजमुकुट पायाशी, काटेरी मुकुट हातात, स्वर्गातला मुकुट नजरेसमोर. त्या एका वर्षात या पुस्तकाच्या इंग्लंडमध्ये तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. संसदेनं वध भर चौकात केला होता, लोकांनी बघावा म्हणून. मार्शलनं गर्दी काढून टाकली आणि गुन्हेगाराचा हुतात्मा झाला. काय गाळलंय हे एका चित्रावरून कळत नाही. दुसरं शेजारी ठेवल्यावर ते डोळ्यांत भरतं.

नववी पायरी : पत्र्याचं पुढं काय झालं?

पत्रा घासून पुन्हा कोरता येतो. प्रत्येक बदलाला संग्रहालयाच्या नोंदीत ‘अवस्था’ म्हणून क्रमांक दिलेला असतो. तो बघाच. पिएर लोम्बारनं व्हॅन डाइकच्या चित्रावर बेतून घोड्यावर बसलेल्या सत्ताधीशाचा एक पत्रा केला. त्याच पत्र्यावर, त्याच घोड्यावर, वेगवेगळ्या वेळी चार्ल्सविरुद्ध लढून नंतर इंग्लंडचा सत्ताधीश झालेला क्रॉमवेल, चौदावा लुई आणि पहिला चार्ल्स यांची डोकी बसवली गेली. एका अवस्थेत स्वाराला डोकंच नाही. ज्याचं डोकं क्रॉमवेलच्या पक्षानं उडवलं त्याचंच डोकं क्रॉमवेलच्या खांद्यांवर आलं. घोडा, चिलखत आणि सेवक तेच राहिले.

आता सगळं एकत्र : गोवा, १६७६

सरावासाठी आपल्या जवळचं चित्र घेऊ. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. १६७३ मध्ये त्याला तिथं पकडलं आणि पुढच्या वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेच्या, कोठडीत आणलं. १२ जानेवारी १६७६ रोजी जाहीर शिक्षेच्या मिरवणुकीत त्याला चालवलं गेलं. सुटून फ्रान्सला परतल्यावर त्यानं सगळं लिहिलं. पुस्तक १६८७ मध्ये लेडनला निघालं, लवकरच सचित्र आवृत्त्या आल्या, आणि १७२३ पासून ॲम्स्टरडॅमला बेर्नार पिकारच्या धर्मविधींच्या मोठ्या ग्रंथमालेत या वेशभूषा पुन्हा कोरल्या गेल्या.

दोन तारखा लिहा : १६७६ आणि १६८८ च्या आसपास. चित्रकारांनी गोवा पाहिला नव्हता, म्हणून घरं आणि चर्च यांवर भरवसा ठेवू नका, मजकुरात जे आहे तेवढ्यावर ठेवा. पैसे कुणी दिले? इन्क्विझिशननं नक्कीच नाही. रस्त्यावरचा सोहळा तिचा, कागदावरचा तिच्या कैद्याचा. पिकार तर प्रॉटेस्टंट होऊन फ्रान्स सोडलेला.

आता कपडे बघा. पुढं-मागं तांबडा तिरपा क्रूस असलेला पिवळा झगा पश्चात्ताप केलेल्यांचा, देलोंच्या अंगावर हाच होता. ज्याच्यावर ज्वाळा उलट्या, खाली तोंड करून रंगवल्यात, तो कबुली देऊन आगीतून वाचलेल्याचा. वर जाणाऱ्या ज्वाळा, भुतं आणि मधे त्या माणसाचाच चेहरा असलेला झगा जाळल्या जाणाऱ्याचा, त्याच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी. हा पोशाख म्हणजे लांबून वाचता यावा म्हणून अंगावर चढवलेला निकाल. रस्त्यावर तो लाज आणण्यासाठी होता. पुस्तकात तेच कपडे एकेक करून, शांतपणे, नमुन्यासारखे मांडलेत, आणि लाज ती आणू पाहणाऱ्यावरच उलटते.

मग मिरवणूक. पुढं सेंट डॉमिनिकचं निशाण, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली होती, अनवाणी पायांना खडे टोचत होते. हे चित्रात येत नाही, देलोंच्या मजकुरातून भरून घ्या. मेल्यानंतर दोषी ठरलेल्यांच्या अस्थींच्या पेट्या आणि काठ्यांवरचे पुतळे शोधा.

रांगेच्या मधे एक मोठा क्रूस होता. देलों सांगतो, क्रूसावरच्या ख्रिस्ताचं तोंड पुढं चालणाऱ्यांकडे होतं, म्हणजे जे जगणार होते त्यांच्याकडे. मरणाऱ्यांकडे त्याची पाठ होती. चित्र मोठं करून तो क्रूस कुठं आहे आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे ते बघा. मग त्याच्या मागं चालणारे मोजा.